साहाय्य कक्षातला जावई

मास्तरांनी लॅपटॉप मिटला, चहा घेतला, परत येऊन लॅपटॉप उघडला, आणि स्क्रीन काळी ती काळीच राहिली. त्यांनी चष्मा पुसला. मग स्क्रीन पुसली. मग पुन्हा चष्मा पुसला, कारण फडकं एकच होतं आणि स्क्रीनवरची धूळ आता चष्म्यावर आली होती. एवढं सगळं झाल्यावर त्यांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "जावईबापू, जरा येता का?"

या हाकेची जावईबापू लग्न झाल्यापासून वाट पाहत होते.

जगात दोन प्रकारच्या नोकऱ्या असतात. सासऱ्याला सांगता येण्यासारख्या, आणि बाकीच्या. मास्तरांचे थोरले जावई दंतवैद्य होते. त्यांनी एकदा मास्तरांची दाढ काढली आणि छोट्या डबीत घालून त्यांच्या हातात दिली. कामाचा याहून रोखठोक पुरावा असू शकत नाही. मास्तरांनी ती डबी आल्यागेल्याला दाखवली. धाकटे जावई, म्हणजे आपले जावईबापू, एका मोठ्या संगणक कंपनीत ग्राफिक्स ड्रायव्हरच्या विभागात होते. ऑपरेटिंग सिस्टीम आणि स्क्रीन यांची एकमेकींशी थेट बोलाचाल नसते. मध्ये निरोप पोचवणारा एक प्रोग्राम लागतो, तो ड्रायव्हर. त्यातही जावईबापूंकडे फक्त अवस्थाबदलाचं खातं होतं. स्क्रीन झोपली, जागी झाली, लहानाची मोठी झाली, एकीच्या दोन झाल्या, की मधल्या क्षणात काही सांडूलवंडू नये हे बघायचं. या कामात यश म्हणजे कुणालाच काही न दिसणं. जावईबापू अत्यंत यशस्वी होते.

मास्तरांनी एकदा, लग्नानंतर लगेचच, समजून घेण्याचा प्रयत्न केला होता.

"म्हणजे तुम्ही चित्रं काढता?"

"नाही अण्णा, चित्रं दुसरे काढतात."

"मग तुम्ही काय करता?"

"माझ्यामुळे ती दिसतात."

"काढल्यावर दिसणारच की," मास्तर म्हणाले, आणि तो विषय त्यांच्यापुरता निकालात निघाला.

आता मास्तरांच्या घराच्या छताचं काम निघाल्यामुळे ते महिनाभरासाठी धाकट्या लेकीकडे आले होते, आणि नेमकी त्यांचीच स्क्रीन झोपेतून उठत नव्हती. सर्पमित्राच्या अंगणात साप निघावा, तसं झालं. जावईबापू बाह्या सावरत बाहेर आले. सावरण्याची गरज नव्हती, शर्ट अर्ध्या बाह्यांचा होता.

"पाच मिनिटांचं काम आहे, अण्णा."

ज्या माणसाने आयुष्यात कधी 'पाच मिनिटांचं काम आहे' असं म्हटलेलं नाही, तो सुखाने मरतो. जावईबापूंनी बटण दाबून धरून लॅपटॉप बंद केला, परत चालू केला. स्क्रीन लख्ख उजळली. त्यांनी झाकण मिटलं, थोडं थांबून उघडलं. उजळली. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. उजळली. "झालं," ते म्हणाले.

"काय झालं होतं?"

"काही नाही. अडकलं होतं."

"काय अडकलं होतं?" मास्तरांनी विचारलं. तीस-पस्तीस वर्षं मुलांना गणित शिकवलेल्या माणसाला 'अडकलं होतं' हे उत्तर चालत नाही, रीत दाखवावी लागते. जावईबापूंकडे रीत नव्हती. ते आत गेले. मास्तरांनी लिहायला घेतलं, जेवणाची हाक आली तेव्हा लॅपटॉप मिटला, जेवून आले, उघडला. काळा.

मास्तर गणिताचं पुस्तक लिहीत होते, अपूर्णांकांच्या प्रकरणात होते, आणि उदाहरण पुरं झाल्याशिवाय ते जतन करून ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यामुळे दर वेळी लॅपटॉप बंद-चालू केला की हातातलं उदाहरण जायचं. एका टाकीला दोन नळ होते, एक भरणारा आणि एक रिकामी करणारा. ती टाकी त्या आठवड्यात चार वेळा अर्ध्यावर राहिली.

गंमत अशी, की जावईबापूंनी मिटला तर लॅपटॉप उठायचा आणि मास्तरांनी मिटला तर उठायचा नाही. यातून जो निष्कर्ष निघतो तो घरात कुणी बोलून दाखवला नाही, पण मास्तर जावईबापूंकडे असं बघू लागले, जसं वर्गात शाई सांडल्यावर पहिल्या बाकावरच्या शहाण्या मुलाकडे बघावं.

अशा वेळी शेजार धावून येतो. वरच्या मजल्यावरचे काका वीज खात्यातून निवृत्त झाले होते, आणि जगातल्या यच्चयावत दुःखाचं मूळ अर्थिंगमध्ये आहे असं त्यांचं मत होतं. नळाला पाणी कमी आलं तरी ते आधी अर्थिंग तपासा म्हणत. ते टेस्टर खिशात घालूनच खाली आले.

"जावयांना वीज लागत नाही आणि तुम्हाला लागते, मास्तर," त्यांनी निदान केलं. "शरीरातली वीज. काहींची जास्त असते. पाय जमिनीला लागता कामा नयेत."

"काका, त्याचा याच्याशी काही संबंध नाही," जावईबापू म्हणाले. "झोपताना हार्डवेअर आपली अवस्था विसरतं. ड्रायव्हरला ती आठवून..."

"तुम्ही कशातले?"

"ड्रायव्हरमधला."

"मी विजेतला," काका म्हणाले, आणि हा खुलासा सर्वांना पुरला.

मास्तरांना रबरी चपला घालून, पाय वर घेऊन, लाकडी खुर्चीवर मांडी घालून बसवण्यात आलं. काकांनी स्वतःच्या हाताने झाकण मिटलं, सगळ्यांना श्वास रोखायला लावला, आणि उघडलं. स्क्रीन उजळली. काकांनी जावईबापूंकडे पाहिलं नाही, आणि ते न पाहणं फार बोलकं होतं. संध्याकाळी मास्तर फिरून आले, चपला घातल्या, मांडी घातली, उघडला. काळा.

"पाय टेकला असणार," वरून काका म्हणाले.

घरात विज्ञानाची अशी परवड चाललेली पाहून जावईबापूंनी ठरवलं, की मामला ऑफिसात न्यायचा. त्यांच्या विभागप्रमुख मॅडम कडक होत्या, पण न्यायी होत्या. म्हणजे सगळ्यांना सारखंच नाही म्हणत.

"मॅडम, एक मशीन झोपेतून उठत नाहीये. नव्या आवृत्तीतलं असावं. बघू का?"

"तक्रार आली आहे?"

"घरी आली आहे."

"घरी आलेली तक्रार ही तक्रार नसते," मॅडम म्हणाल्या. "तो संसार असतो. रीतसर येऊ द्या."

जावईबापूंनी घरी येऊन मास्तरांना सांगितलं, की कंपनीच्या वेबसाइटवर रीतसर तक्रार करा. लेकीच्या लॅपटॉपवरून करा. मास्तर मनापासून खूश झाले. रीतसर या शब्दावर त्यांचं प्रेम होतं. त्यांनी दोन दिवस मजकूर घोटला, त्यात 'सदर यंत्र' हा शब्द सतरा ठिकाणी घातला, आणि तक्रार पाठवली. ती चाळण्यांतून गळत गळत, मशीनचं मॉडेल आणि आजाराचं नाव बघून, जगात जिथे जायला हवी होती बरोबर तिथेच आली. जावईबापूंच्या टेबलावर.

इथे एक नियम आडवा आला. नातेवाइकाची तक्रार आली तर कर्मचाऱ्याने तसं जाहीर करायचं, मग ती निःपक्ष समितीकडे जाते. निःपक्ष समितीत पाच जण होते, त्यातले दोघे कंपनी सोडून गेले होते आणि उरलेले तिघे एकमेकांचे नातेवाईक असल्याची कुजबुज होती. तिथे गेलेली तक्रार परत आलेली कुणी पाहिली नव्हती. जावईबापूंनी विचार केला आणि गप्प राहिले. उत्तराखाली कुणाचं नाव जात नाही. नुसतं 'साहाय्य कक्ष' असतं. त्यांनी ठरलेला मसुदा उघडला, त्यातल्या मोकळ्या जागा भरल्या आणि पाठवला.

रात्रीच्या जेवणाला मास्तरांनी तो मोठ्याने वाचला.

"'आपण कळवलेली समस्या आमच्याकडे उद्भवत नाही.' ऐकलंत? त्यांच्याकडे उद्भवत नाही. अहो, त्यांच्याकडे कशी उद्भवेल? यंत्र माझ्याकडे आहे." मास्तरांनी घास खाली ठेवला. "'तरी यंत्र बंद करून पुन्हा चालू करून पाहावे.' कोण गाढव बसलंय तिथे?"

जावईबापूंच्या बायकोला ठसका लागला. जावईबापूंनी तिला पाणी दिलं आणि स्वतःही प्यायले.

"गाढव म्हणू नये, अण्णा. त्यालाही नियम असतील."

"तुम्ही ओळखता त्याला?"

"तोंडओळख आहे," जावईबापू म्हणाले.

"सांगा त्याला, 'पहावे' नाही, 'पाहावे' हे तेवढं बरोबर लिहिलंय. बाकी सगळं चूक."

यानंतर जो पत्रव्यवहार झाला तो दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीतून, समुद्राखालच्या तारांना वळसा घालून चालला. साहाय्य कक्षाने विचारलं, 'झाकण मिटण्यापूर्वी आपण यंत्रावर कोणती कृती केली?' मास्तरांनी कळवलं, 'नेहमीप्रमाणे नीट बंद केले. नीट म्हणजे काय, हे साहाय्य कक्षास शिकवावे लागणार असल्यास तसे लिहावे.' साहाय्य कक्षाने स्क्रीनचा फोटो मागवला. मास्तरांनी काळ्या स्क्रीनचा फोटो काढून पाठवला; त्यात त्यांचा स्वतःचा चेहरा आरशात दिसावा तसा स्पष्ट दिसत होता, आणि तो रागावलेला होता. जावईबापू ऑफिसात त्या फोटोसमोर बराच वेळ बसून राहिले. सासरा असा थेट डोळ्यांत बघताना त्यांनी प्रथमच पाहिला.

त्यांना एका गोष्टीची खात्री होती. ड्रायव्हर काटकसरी असतो. स्क्रीनची अवस्था बदलणं महागडं काम, म्हणून काय चालू आहे आणि काय बंद, याची नोंद तो स्वतःपाशी ठेवतो आणि जे आधीच चालू आहे ते चालू करण्याचा हुकूम पुन्हा देत नाही. आता समजा, झोपेत स्क्रीन बंद पडली आणि नोंदीत ती चालूच राहिली, तर उठल्यावर ड्रायव्हर म्हणणार, चालूच आहे की, कशाला त्रास द्या. नोंद एक सांगते, वस्तू दुसरीच असते, आणि दोघी आपापल्या जागी समाधानी. जावईबापूंना ही उपपत्ती इतकी आवडली, की त्यांनी त्याच मॉडेलचा लॅपटॉप ऑफिसात मागवून दिवसभर त्याला झोपवायचा आणि उठवायचा सपाटा लावला. शेजारच्या टेबलावरचे लोक त्यांना 'पाळणाघर' म्हणू लागले. लॅपटॉप दर वेळी उठला, एखाद्या गुणी बाळासारखा. नोंद आणि वस्तू दोन्ही जुळत होत्या. उपपत्ती सुंदर होती, फक्त खरी नव्हती.

"अण्णा, तुमचा लॅपटॉपच दोन दिवस ऑफिसात नेऊ का?"

"म्हणजे तुम्हाला उठवता येत नाही, म्हणून आता उचलून नेणार." मास्तर शांतपणे म्हणाले. ते शांत झाले की शाळेत पूर्वी मुलं वादळाआधीसारख्या खिडक्या लावून घेत. "राहू द्या, जावईबापू. मी रविवारनंतर थोरलीकडे जाईन म्हणतो. त्यांच्या दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसणारी एक मुलगी आहे, तिला कळतं म्हणे यातलं. निदान लिहून तरी होईल."

दवाखान्यातली मुलगी. ज्या एका कामासाठी जगात जावईबापूंची गरज होती, ते काम आता दाताच्या खुर्चीशेजारी बसून पावत्या फाडणारी मुलगी करणार होती. आणि करील ही शक्यताही नाकारता येत नव्हती. मास्तर थोरलीकडे गेले, की धाकटे जावई म्हणजे नुसतेच धाकटे जावई, हा शिक्का कायमचा बसणार होता. रविवार परवावर आला होता.

शनिवारी दुपारी स्वयंपाकघरात बायको म्हणाली, "तुम्ही कधी अण्णांना लॅपटॉप बंद करताना बघितलंय का?"

"लॅपटॉप बघितलाय."

"लॅपटॉप नाही. अण्णांना."

जावईबापूंनी आठवून पाहिलं. ते नेहमी हाक आल्यावर जात. तोपर्यंत सगळं काळं झालेलं असे. दोघं स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. बाहेर मास्तरांनी हातातलं उदाहरण पुरं केलं, जतन केलं, माऊस सरळ केला. मग कीबोर्डवरच्या वरच्या ओळीतलं एक बटण त्यांनी दाबलं, पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. दर दाबण्याबरोबर स्क्रीनचा उजेड एक एक पायरी उतरत गेला, फिकट, मंद, राखाडी, आणि शेवटी मिट्ट. मग त्यांनी झाकण मिटलं, त्यावर रुमाल टाकला आणि फिरायला गेले.

"हे काय केलं त्यांनी?" जावईबापूंनी कुजबुजत विचारलं, खरं तर घरात आता कुणी नव्हतं.

"दिवा घालवला," बायको म्हणाली. "जागा सोडताना दिवा घालवायचा. आम्ही लहानपणी पाणी प्यायला उठलो तरी घालवून उठायचो. शाळेत शेवटचा वर्ग सुटला, की सगळ्या वर्गांत फिरून दिवे बघायचे ते."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही अवस्था अवस्था करत होतात. मला वाटलं, काहीतरी मोठं असेल."

जावईबापू तिथेच स्टुलावर बसले. सगळा उलगडा एका क्षणात झाला, आणि उलगडा होताना सहसा जो आनंद होतो तो अजिबात झाला नाही. त्यांच्या विभागाने गेल्या आवृत्तीत मोठ्या दिमाखात एक सुधारणा केली होती: झोपताना स्क्रीनचा उजेड जेवढा असेल तेवढाच उठताना द्यायचा. पूर्वीचा ड्रायव्हर काही लक्षात ठेवत नसे, उठला की भसकन पूर्ण उजेड करी, लोकांचे डोळे दिपत. नवा ड्रायव्हर सभ्य होता. मास्तरांनी त्याच्या हाती शून्य उजेड दिला आणि त्याने तो जिवापाड जपून शून्यच परत केला. उजेड वाढवायचं बटण पासवर्ड टाकून आत गेल्याशिवाय चालत नव्हतं, आणि दिसल्याशिवाय मास्तर पासवर्ड टाकणार नव्हते, कारण न बघता उत्तर लिहिणं हा त्यांच्या लेखी नुसता अंदाजपंचे कारभार. कुठेही, काहीही बिघडलेलं नव्हतं. ड्रायव्हर आपलं काम इतक्या इमानाने करत होता, की माणसाला काही दिसत नव्हतं.

मास्तर फिरून आल्यावर जावईबापूंनी फार जपून विषय काढला.

"अण्णा, मिटताना तो उजेड अगदी शून्यावर नेला नाही, थोडा ठेवला, तर..."

"म्हणजे चूक माझी."

"नाही नाही, चूक कुणाचीच..."

"हा लॅपटॉप घेतल्या दिवसापासून मी असाच बंद करतोय. आजवर उठत होता. मी बदललो नाही. मग बदललं कोण?"

या प्रश्नाला अचूक उत्तर होतं, आणि ते देता येत नव्हतं. जावईबापू म्हणाले, "थोरलीकडे जायचं दोन-तीन दिवस पुढे ढकला, अण्णा. तुम्ही कसा मिटता ते साहाय्य कक्षाला कळवलंय, उत्तर येतंय."

"त्या गाढवाचं?"

"हो. त्याचंच."

सोमवारी विभागाची बैठक बसली. जावईबापूंचा प्रस्ताव सरळ होता: जपलेला उजेड शून्य असला, तरी उठताना किमान थोडा तरी द्यावा. यावर विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ सहकाऱ्याने हात वर केला. त्याला सगळे तत्त्वज्ञ म्हणत, कारण त्याने लिहिलेला कोड चालला नाही तरी त्यामागचा विचार पटत असे.

"वापरणाऱ्याने शून्य ठेवलं," तत्त्वज्ञ म्हणाला. "शून्य ही त्याची इच्छा. ती बदलणारे आपण कोण?"

"त्याला काही दिसत नाहीये."

"न दिसणं हीसुद्धा एक अवस्था आहे. आपलं काम अवस्था जपण्याचं. ती चांगली की वाईट हे ठरवायला लागलो, तर उद्या आपण लोकांचे मजकूरही सुधारू."

कुणीतरी सुचवलं, की सक्ती नको. उठल्यावर स्क्रीनवर एक चौकट यावी आणि तिने नम्रपणे विचारावं, 'आपल्याला उजेड हवा आहे का?' ही सूचना सर्वांना आवडली. ती चौकट काळ्या स्क्रीनवर कशी दिसणार, हे जावईबापूंनी विचारल्यावर त्यांच्याकडे नकारात्मक माणूस म्हणून पाहण्यात आलं. मग किमान उजेड म्हणजे किती, यावर वाद झाला. शेकडा पाच म्हणणारे आणि शेकडा दहा म्हणणारे असे दोन तट पडले, आणि साडेसातचा प्रस्ताव मांडणाऱ्याशी दोन्ही तट बोलेनासे झाले. अखेर मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. जेवायची वेळ झाली होती. शेकडा पाच एकमताने मंजूर झालं.

बदल एका ओळीचा होता: जपलेला उजेड आणि किमान उजेड, यातला मोठा असेल तो घे. चौथीतल्या मुलाला जमावी अशी ती ओळ जावईबापूंनी तीनदा तपासली. सगळ्या चाचण्या पार पडून ती पुढच्या दुरुस्तीत जायची होती. आणि मग त्यांनी ते केलं, जे साहाय्य कक्षात आजवर कुणी केलं नव्हतं. ठरलेला मसुदा बाजूला ठेवला आणि स्वतः लिहायला बसले.

रात्री मास्तरांनी ते पत्र जेवणापूर्वीच वाचायला घेतलं. चष्मा पुसून, खुर्चीत ताठ बसून.

"'आदरणीय महोदय, यंत्र बंद करण्याची आपली पद्धत योग्य आहे, दोष आमचा आहे. शाळा सुटताना आपण वर्गातला दिवा घालवता. आमचा पूर्वीचा शिपाई विसराळू होता. सकाळी आला, की सरसकट सगळे दिवे लावी, त्यामुळे आपले कधी अडले नाही. त्याच्या जागी आम्ही नवा नेमला. याची स्मरणशक्ती अशी, की आपण वर्ग जसा सोडला तसाच तो सकाळी आपल्या हवाली करतो: बाके जागच्या जागी, फळा पुसलेला, आणि दिवा घालवलेला. दिव्याचे बटण वर्गाच्या आत, आणि दाराचे कुलूप अंधारात. आम्ही त्याला स्मरणशक्ती दिली, अक्कल द्यायची राहिली. ती आता देत आहोत. यापुढे वर्ग उघडताना तो निदान दाराशी एक पणती ठेवील.'"

मास्तर थांबले. त्यांनी पत्र पुन्हा एकदा मनात वाचलं. एका ठिकाणी स्वल्पविराम असायला हवा होता का, याचा विचार केला, आणि तो नसला तरी चालेल असं ठरवलं. ही सूट त्यांनी याआधी कुणाला दिल्याचं त्यांच्या लेकीला आठवत नव्हतं.

"याला म्हणतात समजावून सांगणं," ते म्हणाले. "मूर्खाला कळेल आणि शहाण्याला राग येणार नाही. हा माणूस शिक्षक व्हायला हवा होता."

"तोच तो, अण्णा," बायको म्हणाली. "तुमचं गाढव."

"छे. गाढव बदललेलं दिसतंय. हा दुसरा आहे."

दुरुस्ती आली, ती जावईबापूंनी मास्तरांच्या लॅपटॉपवर घातली. मास्तरांनी उजेड पायरी पायरीने शून्यावर नेला, झाकण मिटलं, रुमाल टाकला, गॅलरीत एक फेरी मारली, परत येऊन उघडलं. क्षणभर काळं. मग आत कुणीतरी ज्योत धरावी तशी स्क्रीन मंद उजळली, आणि पासवर्डची चौकट दिसली. वरून खास बघायला आलेल्या काकांनी मास्तरांच्या पायांकडे पाहिलं. पाय चक्क जमिनीवर होते. काका वर गेले. थोरलीकडे जाण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. टाकी भरली, नळ बंद झाले, मास्तर त्रैराशिकात शिरले.

इथे थांबले असते तर जावईबापू सुखी झाले असते. पण आयुष्यभर न दिसणारं काम केलेल्या माणसाला एकदा तरी दिसावंसं वाटतं. दोन दिवसांनी मास्तर पुन्हा त्या पत्राबद्दल बोलू लागले, तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"अण्णा, ते पत्र मी लिहिलं होतं."

मास्तरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. उलट आवाज मऊ झाला, जसा नापास झालेल्या मुलाच्या बापाशी बोलताना होतो.

"जावईबापू, दुसऱ्याच्या पेपरावर स्वतःचं नाव घालणारी मुलं मी आयुष्यभर पाहिली. त्यांचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते याचं, की त्यांना तसं करायची गरज वाटावी."

"अण्णा, खरंच यांनीच..." बायको म्हणाली.

"तू थांब. नवऱ्याला पाठीशी घालायचं वय गेलं तुझं."

मास्तरांनी एवढ्यावर सोडलं नाही. मुलगा चुकला तर त्याला सुधारायची संधी द्यावी, ही त्यांची रीत. त्यांनी कंपनीला प्रशंसापत्र पाठवलं. आठवड्याच्या शेवटी मॅडमनी जावईबापूंना आत बोलावलं. टेबलावर छापलेला कागद होता.

"साहाय्य कक्षाची प्रशंसा आली आहे," मॅडम म्हणाल्या. "अशी पहिलीच. काय करायचं कुणाला माहीत नव्हतं, म्हणून इकडे पाठवली. तर, हे गृहस्थ लिहितात, की पत्र लिहिणारा कर्मचारी अत्यंत हुशार आहे. आणि पुढे लिहितात, 'माझे कनिष्ठ जावई आपल्याच कंपनीत असून स्वभावाने सालस आहेत, परंतु विषय समजावून सांगण्याचे अंग कमी आहे. त्यांना काही दिवस सदर कर्मचाऱ्याच्या हाताखाली ठेवल्यास उपकार होतील.' खाली तुमचं नाव आहे."

जावईबापूंनी खाली पाहिलं.

"नातेवाइकाची तक्रार तुम्ही हाताळलीत. याची चौकशी होते." मॅडमनी कागद सरळ केला. "पण हे प्रशंसापत्र आहे. नातेवाइकाच्या प्रशंसेबद्दल नियम नाही. आजवर कुणाच्या नातेवाइकाने केली नसावी. मात्र यात विनंती आहे, आणि विनंती आली की क्रमांक पडतो, आणि क्रमांक पडला की तो बंद करावा लागतो. मार्गदर्शन झाल्याची नोंद हवी."

"मॅडम, दोघंही मीच आहे."

"सिस्टीमला ते कळत नाही. तिला दोन रकाने दिसतात. दोन्ही भरा."

जावईबापूंनी बैठकीची खोली तासभर राखून ठेवली, कारण नोंदीत जागा लिहावी लागत होती. एका खुर्चीत बसून त्यांनी स्वतःला मार्गदर्शन केलं. म्हणजे खिडकीबाहेर बघितलं. मग मार्गदर्शकाच्या रकान्यात लिहिलं, 'प्रशिक्षणार्थी होतकरू आहे. ज्येष्ठांसमोर बोलताना कचरतो.' प्रशिक्षणार्थीच्या रकान्यात लिहिलं, 'मार्गदर्शक सज्जन आहेत.' दोन्हीकडे सही केली. क्रमांक बंद झाला.

घरी आले तेव्हा मास्तर लिहीत होते. जावईबापूंना पाहताच त्यांनी वाक्य अर्धं टाकलं, जे ते सहसा टाकत नसत.

"मग? झाली गाठ?"

"झाली," जावईबापू बूट काढत म्हणाले.

"कसा आहे माणूस?"

जावईबापूंनी दुसरा बूट काढला. मोजे बुटात घातले. उत्तर खरं द्यायचं की बरं, याचा विचार करायला एवढा वेळ पुरला.

"चांगला आहे, अण्णा. कामात चोख आहे. पण जरा उतरलेला वाटला. घरी त्याचं काही कुणाला पटत नाही म्हणे."

"असणारच," मास्तर म्हणाले, आणि हळहळून मान हलवत पुन्हा त्रैराशिकाकडे वळले. "अशा माणसांची घरच्यांना कधी किंमत कळत नाही."